तामारेचें मौन आणि आमचें कर्तव्य

दुखावलेल्या मुलांच्या मनावरील उपचाराविषयीं आईबापांसाठीं एक पाठ

शास्त्रपाठ : २ शमुवेल १३:१–२२; उत्पत्ति २१:१४–१९; लूक १०:३०–३५.

पाठाचा हेतु : ज्या मुलावर अत्याचार झाला आहे त्याच्या मनाला झालेली जखम ओळखणें, आणि तिजवर योग्य उपचार कोठें व कसा मिळवावा हें समजून घेणें.



शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा तेरावा अध्याय आमच्या मंडळ्यांत क्वचितच वाचला जातो. मुलें समोर बसलेलीं असतात, पाळकाला संकोच वाटतो, आणि पान उलटलें जातें. परंतु हा अध्याय पवित्र शास्त्रांत आहे तो आमच्या शिक्षणासाठींच आहे. ज्या गोष्टीविषयीं देवाचें वचन मोकळेपणानें बोलतें तिजविषयीं आम्हीं गप्प राहणें ही सभ्यता नव्हे.

१. राजवाड्यांतील तीन चुका

तामार ही दावीद राजाची मुलगी. तिजवर अत्याचार करणारा कोणी परका वाटमाऱ्या नव्हता. तो तिचा सावत्र भाऊ अम्नोन होता. आजाराचें सोंग करून तिला बोलावण्याची युक्ति त्याला त्याच्या चुलतभावानें शिकविली, आणि तिला त्याच्या घरीं पाठविणारा तर तिचा बापच होता. त्याला बिचाऱ्याला कांहीं ठाऊक नव्हतें. तामारेनें विरोध केला, विनवणी केली, आणि नंतर डोक्यांत राख घालून, झगा फाडून, मोठ्यानें रडत ती बाहेर पडली. म्हणजे तिनें कांहींच लपविलें नाहीं. लपविलें तें घरच्यांनीं.

पहिली चूक अबशालोमाची. तो तुझा भाऊ आहे, तेव्हां उगी राहा आणि मनाला लावून घेऊं नकोस, असें त्यानें सांगितलें. दुसरी चूक दावीदाची. त्यानें सर्व ऐकलें, तो फार संतापला, आणि त्यापुढें त्यानें कांहींच केलें नाहीं. तिसरी चूक सर्वांचीच. तामार भावाच्या घरीं उदास होऊन पडून राहिली, आणि तिच्या जखमेवर औषध कोणीं आणल्याचें शास्त्रांत कोठेंही लिहिलेलें नाहीं. दोन वर्षांनीं अबशालोमानें अम्नोनाचा वध करविला, आणि पुढें त्या घराची कशी वाताहत झाली तें वाचकांस ठाऊक आहे. अब्रू राखण्यासाठीं मौन धरलें, पण अब्रूही राहिली नाहीं आणि घरही राहिलें नाहीं.

ह्या चुका आम्ही दुसऱ्यांच्या म्हणून मोजत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही ज्या मंडळीची सेवा करीत होतों तेथें एका संध्याकाळीं एक आई आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आमच्याकडे आली. ज्याचें नांव तिनें घेतलें तो नात्यांतला आणि मंडळींत मान असलेला मनुष्य होता. आम्हीं डोळे मिटून प्रार्थना केली, आणि नंतर तिला म्हटलें, “बाई, हें कोणाजवळ बोलूं नका. उद्यां पोरीच्या लग्नाचा प्रश्न आहे. प्रभूवर सोंपवा.” ती माउली पदर डोळ्यांना लावून गेली. तीन वर्षांत त्या मुलीची शाळा सुटत आली. ती कोणाशीं बोलेना, रात्रीं दिवा मालवूं देईना, आणि आपल्या हातांवर कांचेनें ओरखडे काढूं लागली. तिच्या शिक्षिकेनें ते ओरखडे पाहिले, कायद्याप्रमाणें पोलिसांस कळविलें, आणि आईसह तिला जिल्ह्याच्या सरकारी इस्पितळांत नेलें. आम्हींही पोलिसांसमोर जाऊन आपल्याला काय ठाऊक होतें व आपण काय केलें नाहीं हें सांगितलें. आज ती मुलगी सज्ञान आहे, आणि तिच्या संमतीनेंच आम्ही इतकें लिहितों. ती एकदां आम्हांस म्हणाली, “पाळकसाहेब, तुम्ही प्रार्थना केलीत तें चांगलंच केलंत. पण मला काय होतंय, हें कोणी विचारलंच नाही.”

उत्पत्तीच्या एकविसाव्या अध्यायांत हागार आपलें पोर झुडुपाखालीं टाकून दूर जाऊन बसली, कारण त्याचे हाल तिला पाहवेनात. परंतु देवानें मुलाचा आवाज ऐकला, आणि मग त्या आईचे डोळे उघडून तिला विहीर दाखविली. विहीर तेथें होतीच. ती दिसली मात्र नव्हती. आजच्या पाठांत आम्हांस आईबापांना तीच विहीर दाखवावयाची आहे.

२. मनाची जखम कशी ओळखावी

हात मोडला तर सूज दिसते. मनाची जखम वागणुकींत दिसते. लहान मूल पुन्हां अंथरूण ओलें करूं लागतें, आईला सोडीत नाहीं, झोंपेंत दचकून ओरडतें. शाळेंत जाणाऱ्या मुलाचें पोट किंवा डोकें वारंवार दुखतें आणि डॉक्टरास कांहीं सांपडत नाहीं. अभ्यास मागें पडतो. एखाद्या ठराविक घरीं किंवा ठराविक माणसाजवळ जाण्यास तें नकार देतें. वयाला न शोभणारे लैंगिक चाळे खेळांत करितें. मोठीं मुलें चिडखोर होतात, घरांतून पळून जातात, स्वतःला इजा करितात, मरणाच्या गोष्टी बोलतात. ह्यांपैकीं एखादें चिन्ह दिसलें म्हणजे अत्याचार झालाच असें समजूं नये. आणि कांहीं मुलांत एकही चिन्ह दिसत नाहीं, म्हणून मूल सांगत असेल तर चिन्हांची वाट पाहूं नये.

हें दुःख मुलींचेंच आहे असें पुष्कळांस वाटतें. तें खरें नाहीं. भारत सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानें सन २००७ सालीं तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. तींत ५३.२२ टक्के मुलांनीं कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचें सांगितलें, आणि त्यांत मुलगे निम्म्याहून थोडे अधिकच होते. तेव्हां “तो मुलगा आहे, विसरून जाईल” हें बोलणें सोडून द्यावें. अत्याचार करणारा बहुधा ओळखीचा असतो, हें तर तामारेच्या कथेनेंच शिकविलें आहे.

३. पहिल्या घटकेस काय करावें

मूल सांगूं लागलें म्हणजे हातांतलें काम बाजूस ठेवा. त्याचें म्हणणें त्याच्याच शब्दांत ऐका. “तूं सांगितलंस हें बरं केलंस, यांत तुझी कांहीं चूक नाहीं, आम्ही तुझ्याबरोबर आहोंत,” एवढें बोललें तरी उपचाराचा आरंभ झाला असें समजा. मुलासमोर आरडाओरडा करूं नये, कारण आपल्यामुळें घर दुःखांत पडलें असें तें समजतें. “तूं तिथं गेलीसच कशाला?” हा प्रश्न तर कधींही विचारूं नये. तीच गोष्ट आजीस, मामास, पंचांस पुन्हां पुन्हां सांगावयास लावूं नये. मुलाचे शब्द एकदां कागदावर लिहून ठेवावे. कोणाला सांगणार नाहीं असें वचनही देऊं नये, कारण सांगावें लागणारच. “जे मदत करतील त्यांनाच सांगूं” असें म्हणावें.

मग इस्पितळ. अत्याचार नुकताच झाला असेल तर उशीर करूं नये. पुरावा टिकण्यासाठीं, आणि एच.आय.व्ही.सारख्या रोगांचा प्रतिबंध करणारीं औषधें सुरू करण्यासाठीं पहिले ७२ तास फार मोलाचे असतात. मात्र महिने किंवा वर्षें लोटलीं असलीं तरी इस्पितळाची व उपचाराची वेळ टळून गेली असें होत नाहीं. अशा मुलावर प्रथमोपचार व औषधोपचार विनामूल्य केला पाहिजे, असें सन २०२३ च्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनें सरकारी व खाजगी अशा सर्व इस्पितळांवर बंधन घातलें आहे. पोलिसांचा कागद आधीं आणा, असें इस्पितळास म्हणतां येत नाहीं. तपासणीच्या वेळीं आई, बाप किंवा मुलाच्या विश्वासांतील माणूस जवळ असावा आणि मुलीची तपासणी स्त्री-डॉक्टरनेंच करावी, असा नियम आहे.

सन २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यानें, ज्यास लोक ‘पोक्सो’ म्हणतात, अठरा वर्षांखालील मुलावर असा अपराध झाल्याचें ज्यास कळेल त्या प्रत्येकानें पोलिसांस कळविणें बंधनकारक केलें आहे. हा नियम शिक्षकांस आहे, डॉक्टरांस आहे, आणि पाळकांस व पंचांसही आहे. पोलिसांस न कळविणें हाच अपराध ठरतो. मुलाची जबानी त्याच्या घरीं किंवा त्याला बरें वाटेल अशा ठिकाणीं, शक्य तों स्त्री-अधिकाऱ्यानें, गणवेश न घालतां घ्यावी, आणि मुलाला रात्रीं पोलिस ठाण्यांत ठेवूं नये, असें कायदा सांगतो. मुलाचें नांव वर्तमानपत्रांत छापण्यास मनाई आहे. अब्रूच्या भीतीनें थांबलेल्या आईबापांनीं हें विशेष ध्यानांत घ्यावें.

४. मनावर कोणता उपचार गुणकारी ठरला आहे

येथें पुष्कळ जण थबकतात. शरीराचें औषध ठाऊक असतें. मनाचें औषध म्हणजे काय? कोणी म्हणतो, काळ हेंच औषध. कोणी देवऋष्याकडे नेतो. कोणी केवळ उपासाची शपथ घालतो.

आधीं हें सांगावें कीं प्रत्येक मुलाला दीर्घ उपचार लागतोच असें नाहीं. ज्याच्या आईबापांनीं त्याजवर विश्वास ठेविला, त्याला सुरक्षित केलें आणि त्याचें जेवण, झोंप, शाळा, खेळ हा नित्यक्रम पुन्हां लावून दिला, असें पुष्कळ मूल हळूहळू सांवरतें. परंतु सुमारें एक महिना लोटूनही भयस्वप्नें, दचकणें, टाळाटाळ, उदासी तशीच असेल तर तज्ज्ञास दाखवावें. मरणाची भाषा किंवा स्वतःला इजा असेल तर एक दिवसही थांबूं नये.

ज्या उपचाराची मुलांच्या बाबतींत सर्वांत अधिक परीक्षा झाली आहे त्याला आघातकेंद्रित बोधात्मक वर्तन-उपचार म्हणतात. डॉक्टर मंडळी त्याला ‘ट्रॉमा-फोकस्ड सी.बी.टी.’ म्हणतात, आणि ह्याच नांवानें विचारणा करावी. अमेरिकेंतील ज्युडिथ कोहेन, अँथनी मॅनारिनो व एस्थर डेब्लिंजर ह्या तिघांनीं तो सिद्ध केला. तो तीन वर्षांपासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीं आहे, आणि साधारणतः आठवड्यास एक ह्याप्रमाणें बारा ते सोळा बैठकींत पुरा होतो.

त्यांत काय करितात? प्रथम मुलाला व आईबापांना समजावून सांगतात कीं असें पुष्कळ मुलांना होतें, आणि भीति ही वेडाची खूण नव्हे. मग श्वास संथ करणें, अंग सैल सोडणें, मनांतील भावनांना नांवें देणें, हें शिकवितात. “माझीच चूक होती,” “मी घाण झालें,” असे जे विचार मुलाच्या मनांत घर करून असतात ते एकेक करून तपासतात. ह्या पायावर मूल आपल्या गतीनें, बोलून, लिहून किंवा चित्रें काढून, घडलेली गोष्ट थोडथोडी सांगतें. जें आठवतांच अंग थरथरत होतें तेंच सांगतां सांगतां त्याचें भय ओसरतें. शेवटीं मूल व आई किंवा बाप एकत्र बसतात, मूल आपली गोष्ट त्यांना सांगतें, आणि पुढें सुरक्षित कसें राहावें हें सर्व मिळून ठरवितात. आईबापांच्या स्वतंत्र बैठकीही होतात, कारण त्यांचेंही मन पोळलेलें असतें. आमच्या त्या मुलीच्या आईनें पुढें आम्हांस सांगितलें कीं, तीन वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघी एकमेकींकडे पाहून रडलों, आणि त्या रात्रीं पोरगी दिवा मालवून झोंपली.

जागतिक आरोग्य संघटनेनें सन २०१३ च्या आपल्या मार्गदर्शनांत अशा मुलांसाठीं ह्या उपचाराची शिफारस केली आहे, आणि त्याबरोबर डोळ्यांच्या हालचालींच्या साह्यानें करावयाचा ‘ई.एम.डी.आर.’ नांवाचा उपचारही सांगितला आहे. त्याच मार्गदर्शनांत असेंही म्हटलें आहे कीं, आघातानंतरच्या पहिल्या महिन्यांत मुलांना झोंपेसाठीं किंवा भीतीसाठीं बेंझोडायझेपिन जातीच्या गोळ्या देऊं नयेत. म्हणून दुकानांतून झोंपेची गोळी आणून मुलाला देऊं नका. पण डॉक्टरांनीं नीट तपासून कांहीं औषध दिलें असेल तर तें आपल्या मनानें बंदही करूं नका.

काय करूं नये तेंही सांगतों. मूल तयार नसतां त्याजकडून सर्व हकीकत जबरीनें वदवून घेणें अपायकारक आहे. भूत उतरविण्याच्या नांवाखालीं मुलाला मारणें, बांधणें, धूर देणें हें पाप आहे, आणि महाराष्ट्रांत सन २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानें अपराधही आहे. हा अपराध ख्रिस्ती नांवाखालीं केला म्हणून पवित्र होत नाहीं. तसेंच, “त्याला क्षमा केलीस असें म्हण,” असा आग्रह मुलाला धरूं नये. क्षमा हें देवाच्या कृपेचें फळ आहे. तें कच्चें तोडून कोणाच्या हातीं देतां येत नाहीं. आणि क्षमेमुळें न्यायाचें काम थांबतही नाहीं.

५. तज्ज्ञ कोठें शोधावा व त्यास काय विचारावें

खेड्यांतील माणसास पहिला आधार दूरध्वनीचा. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य चालतो. मनाच्या आजारासाठीं केंद्र सरकारनें १० ऑक्टोबर २०२२ रोजीं ‘टेलि-मानस’ सेवा सुरू केली. तिचा क्रमांक १४४१६, आणि तेथें मराठींत बोलतां येतें. त्यानंतर जिल्हा रुग्णालय. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखालीं तेथें मानसोपचाराची सोय असते. जवळ वैद्यकीय महाविद्यालय असेल तर त्याच्या इस्पितळांतील मानसोपचार विभागांत जावें. महाराष्ट्रांत येरवडा, ठाणें, नागपूर व रत्नागिरी येथें सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयें आहेत. ‘मनोरुग्णालय’ ह्या नांवाला भिऊं नये; बाह्यरुग्ण विभागांत दाखवून मूल त्याच दिवशीं घरीं परत येतें.

मानसोपचारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो व तो औषध देतो. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ बोलण्याचा उपचार करितो. त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, आणि ती विचारण्यांत कांहीं गैर नाहीं. बैल घेतांना आम्ही दांत पाहतों. मग मूल ज्याच्या हातीं द्यावयाचें त्याला पांच प्रश्न विचारण्यास कां लाजावें? ते प्रश्न असे :

(१) अत्याचार सोसलेल्या मुलांवर उपचार करण्याचें शिक्षण आपण घेतलें आहे काय, आणि अशीं किती मुलें आपण पाहिलीं?
(२) आपण कोणत्या पद्धतीनें उपचार कराल, आणि तिचा गुण येतो हें कशावरून?
(३) आईबाप म्हणून आम्हांस त्यांत काय करावयाचें आहे?
(४) सुमारें किती बैठकी लागतील, आणि मूल सुधारत आहे हें आपण व आम्ही कसें ओळखूं?
(५) मुलाचें बोलणें गुप्त कसें राहील, आणि तें कोणाला सांगावें लागेल?

जो ह्या प्रश्नांवर रागावतो, जो एका भेटींत पूर्ण बरें करण्याची हमी देतो, जो मुलालाच दोष देतो, त्याला नमस्कार करून दुसरा पाहावा. उलट, मूल पहिल्या दोनतीन बैठकींनंतर अधिक चिडचिडें झालें म्हणून लगेच उपचार सोडूं नये; तज्ज्ञास तसें सांगावें. जखम धुतांना झोंबते.

बाल कल्याण समितीकडून मुलाला एक सहाय्यक व्यक्ति मिळूं शकते. ती इस्पितळापासून न्यायालयापर्यंत कुटुंबाबरोबर राहते. महाराष्ट्र सरकारच्या सन २०१३ पासूनच्या ‘मनोधैर्य’ योजनेखालीं पीडित मुलांस द्रव्यसाहाय्य मिळतें. त्यासाठीं जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडे जावें.

६. मंडळीचें कर्तव्य

लूककृत शुभवर्तमानांतील शोमरोन्याकडे पाहा. त्यानें जखमी माणसासाठीं केवळ हळहळ केली नाहीं. त्यानें जखमा बांधल्या, तेल व द्राक्षारस ओतला, आपलें जनावर दिलें, उतारशाळेपर्यंत नेलें, रात्रभर जवळ राहिला, दोन दीनार मोजले, आणि अधिक लागलें तर परत येतांना देईन असें म्हटलें. आमच्या मंडळींतील त्या दोन दीनारांचा अर्थ असा : बारा आठवडे तालुक्याहून जिल्ह्यापर्यंत एस.टी.चें भाडें, त्या दिवशींच्या आईच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई, धाकट्या लेकरांना संभाळणारी एखादी शेजारीण. पुष्कळ उपचार भाड्याअभावीं तिसऱ्या बैठकीस थांबतात.

पंचांनीं अशा गोष्टीचा निवाडा बसून करूं नये, दंड घेऊन मिटवूं नये, आणि अपराध्याशींच मुलीचें लग्न लावण्याची गोष्ट तर तोंडांतून काढूं नये. ज्याच्यावर आरोप आहे तो किती का मोठा देणगीदार असेना, त्याला शब्बाथ शाळेपासून व मुलांपासून दूर ठेवावें. कोणाही वडील माणसानें एकट्या मुलाबरोबर बंद खोलींत बसूं नये, हा नियम पाळकापासून सर्वांस लागू असावा. प्रार्थनासभेंत मुलाचें नांव घेऊन प्रार्थना करूं नये. देवाला नांव ठाऊक आहे.

प्रार्थना आम्ही कमी करा म्हणत नाहीं. प्रार्थना करून उठावें आणि मुलाचा हात धरून एस.टी.च्या थांब्यावर जावें, एवढेंच म्हणतों. तामारेला असा हात मिळाला नाहीं. आमच्या गांवच्या मुलांस तो मिळावा.

मनन व चर्चेसाठीं प्रश्न

१. तामारेच्या घरांतील तीन चुकांपैकीं कोणती चूक आपल्या गांवांत अधिक घडते? कां?
२. मूल आपलें दुःख सांगूं लागलें तर आपल्या तोंडून पहिलें वाक्य कोणतें निघेल? तें आज ठरवा.
३. आपल्या जिल्ह्यांत मुलांच्या मनाचा उपचार कोठें मिळतो, हें मंडळींतील कोणीं दोघांनीं ह्या महिन्यांत विचारून यावें, आणि तें १०९८ व १४४१६ ह्या क्रमांकांसह मंदिराच्या दारावर लावावें.
४. आपल्या मंडळीच्या वर्गणींतून प्रवासासाठीं थोडी रक्कम बाजूस ठेवतां येईल काय?

प्रार्थना : हे प्रभो, तूं मुलाचा आवाज ऐकणारा देव आहेस. आम्हीं जेथें मौन धरलें तेथें आम्हांस क्षमा कर. आमचे डोळे उघड, म्हणजे विहीर आम्हांस दिसेल. आणि आमचे पाय चालते कर, म्हणजे तेथवर आम्ही लेकराला नेऊं. आमेन.